वादळ एका गावी, रांगा दुसऱ्या गावी

३१ ऑगस्ट २००५, बुधवार. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याची राजधानी असलेल्या अटलांटा शहरात एक अफवा पसरली. पेट्रोल पंप लवकरच बंद होणार, आत्ता भरून घेतले तर घेतले! हातातले काम टाकून लोक पंपांकडे निघाले. रांगा रस्त्यावर आल्या. गॅलनला अडीच डॉलरच्या आसपास मिळणारे पेट्रोल काही पंपांवर पाच डॉलरवर गेले, एक-दोन ठिकाणी तर सहाच्या घरात. संध्याकाळपर्यंत राज्याचे गव्हर्नर सनी पर्ड्यू यांना नफेखोरीविरुद्ध आदेश काढावा लागला.

आता गंमत पाहा. दोनच दिवसांपूर्वी, २९ ऑगस्टला, कॅटरिना हे चक्रीवादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळले होते. न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेले होते. पण न्यू ऑर्लिन्स ते अटलांटा हे अंतर जवळजवळ सातशे किलोमीटर. अटलांट्यात ना पूर आला होता, ना तिथले पंप वाहून गेले होते. मग वादळ एका गावी आणि रांगा दुसऱ्या गावी, असे का झाले? वादळानंतर पेट्रोल महाग होते हे आपण गृहीत धरतो. पण ते नेमके कुठे अडते, भाव कोण वाढवतो आणि टंचाई खरी किती असते, याचा विचार आपण क्वचितच करतो. कॅटरिनाच्या निमित्ताने तो करता येतो.

गहू आहे, गिरणी बंद

पेट्रोलचा प्रवास मोठा लांबचा. समुद्रातल्या किंवा जमिनीवरच्या विहिरीतून कच्चे तेल निघते. ते शुद्धीकरण कारखान्यात जाते. तिथे त्याचे पेट्रोल, डिझेल, रॉकेल, विमानाचे इंधन असे भाग होतात. मग पाइपलाइनने, जहाजाने किंवा रेल्वेने ते डेपोत आणि तिथून टँकरने पंपावर येते. ही साखळी कुठेही तुटली तरी शेवटच्या टोकाला नळी कोरडी पडते.

मेक्सिकोच्या आखाताचा उत्तर किनारा, म्हणजे टेक्सासपासून अलाबामापर्यंतचा पट्टा, हे अमेरिकेचे तेलाचे कोठार. २००५ साली या समुद्रातून रोज सुमारे १५ लाख बॅरल कच्चे तेल निघत असे, म्हणजे अमेरिकेच्या एकूण उत्पादनाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक. एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर. समुद्रातला तेलाचा फलाट किती धोक्यात उभा असतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. त्याच वर्षी २७ जुलैला, मुंबईत प्रलयंकारी पाऊस झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, बॉम्बे हायवरच्या एका फलाटाला खवळलेल्या समुद्रात एक जहाज धडकले. आग लागली, २२ जणांचा बळी गेला आणि फलाट समुद्रात नाहीसा झाला. मेक्सिकोच्या आखातात कॅटरिना आणि पाठोपाठ आलेले रिटा या दोन वादळांनी असे शंभराहून अधिक फलाट उद्ध्वस्त केले. माणसे आधीच हलवली होती, म्हणून मनुष्यहानी टळली. पण कॅटरिनाच्या दिवसांत आखातातले ९० टक्क्यांहून अधिक तेल उत्पादन बंद पडले.

कच्चे तेल बंद पडले म्हणून पेट्रोल संपले, असे मात्र नव्हे. कच्चे तेल जगात इतरत्रही मिळते आणि जहाजाने आणता येते. खरी गाठ बसली ती पुढच्या टप्प्यावर. अमेरिकेच्या तेल शुद्धीकरण क्षमतेतला जवळजवळ निम्मा वाटा याच किनाऱ्यावर आहे. पॅस्कागूला, बेल शास, मेरो, शाल्मेट या गावांतले मोठे कारखाने पाण्याने किंवा वाऱ्याने जायबंदी झाले. त्यांतले काही पुन्हा पूर्ण सुरू व्हायला २००६ साल उजाडले. कारखाना म्हणजे काही दिव्याचे बटण नव्हे. तो वादळापूर्वी सावकाश थंड करावा लागतो. नंतर वीज, वाफ, पाणी आणि कामगार हे सगळे जागेवर आल्याशिवाय पेटवता येत नाही. आणि तिथल्या कित्येक कामगारांची स्वतःची घरेच वाहून गेली होती.

आपल्या घरच्या भाषेत सांगायचे तर डब्यात गहू आहे, पण गिरणी बंद आहे. अशा घरात गव्हाचे आणखी एक पोते आणून टाकले तरी संध्याकाळी पोळ्या होत नाहीत.

माणसाच्या चालीने येणारे पेट्रोल

आता अटलांट्याकडे येऊ. या शहराला बंदर नाही आणि जवळपास शुद्धीकरण कारखानाही नाही. तिथले पेट्रोल येते ते मुख्यतः कलोनियल आणि प्लँटेशन या दोन पाइपलाइनींमधून. कलोनियलची लाइन ह्यूस्टनहून निघते आणि दक्षिणेकडची राज्ये ओलांडत न्यूयॉर्कच्या बंदरापर्यंत जाते. फाटे धरून तिचे जाळे जवळजवळ ८,८०० किलोमीटरचे आहे.

या लाइनीतले पेट्रोल किती वेगाने जाते? साधारण माणूस चालतो तितक्या. ह्यूस्टनमध्ये आत शिरलेला थेंब न्यूयॉर्कला पोहोचायला सरासरी १८ दिवस लागतात. ते आपोआप वाहत नाही, ठिकठिकाणी बसवलेले पंप त्याला पुढे ढकलतात आणि हे पंप विजेवर चालतात. कॅटरिनाने विजेचे खांब आडवे केले तेव्हा दोन्ही लाइनी थांबल्या. नळ फुटले नव्हते, ते पेट्रोलने भरलेले होते, फक्त ढकलायला वीज नव्हती. मग जनित्रे आणून जोडली गेली. गुरुवारपर्यंत पेट्रोल अर्ध्यामुर्ध्या वेगाने पुन्हा सरकू लागले आणि सुमारे आठवड्याभरात वाहतूक बरीचशी रुळावर आली.

म्हणजे अटलांटाकर पंपावर धावले त्या दिवशी शहर संकटाच्या अगदी काठावर होते, पण कोरडे झालेले नव्हते. डेपोत काही दिवसांचा साठा होता. नेहमीच्या वापरात तो पुरला असता, कसाबसा का होईना. तो पुरला नाही याचे कारण पाइपलाइनीत नव्हते, ते लोकांच्या टाक्यांत होते.

हंडे-कळश्यांचा हिशेब

‘उद्या पाणी येणार नाही’ अशी नगरपालिकेची सूचना फळ्यावर लागली की आपल्याकडे काय होते? हंडे, कळश्या, बादल्या, पिंप, अगदी पातेलीसुद्धा भरून निघतात. एरवी रात्रभर पुरणारी गच्चीवरची टाकी संध्याकाळी सातलाच रिकामी होते. पाणी कुणी प्यायलेले नसते. ते फक्त एका मोठ्या टाकीतून शंभर लहान भांड्यांत गेलेले असते.

पेट्रोलचे तसेच आहे. एक सोपा हिशेब करू. अमेरिकेत तेव्हा रोज सुमारे ३८ कोटी गॅलन पेट्रोल खपत असे. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरला थोडे जास्त. मोटारी आणि हलकी वाहने धरली तर त्यांची संख्या २० कोटींच्या वर होती. टाकीचा काटा पाववर आल्याशिवाय बहुतेक लोक पंपावर जात नाहीत. पण घबराट पसरली आणि या २० कोटी वाहनांनी प्रत्येकी पाचच गॅलन जादा भरले, तर किती झाले? १०० कोटी गॅलन. म्हणजे साऱ्या देशाची अडीच दिवसांहून अधिकची गरज, आणि तीही नेहमीच्या विक्रीच्या वर. पंपाच्या जमिनीखालची टाकी काही या हिशेबाने बांधलेली नसते. तिथे टँकर एक-दोन किंवा फार तर चार दिवसांनी येणार, हे धरलेले असते.

एका पंपावर ‘पेट्रोल नाही’ अशी पाटी लागली की ती पाहणारा माणूस पुढच्या पंपावर टाकी काठोकाठ भरतो. मग तिथेही पाटी लागते. अफवा खोटी असते, पण तिच्यावर विश्वास ठेवून सगळे वागले की ती खरी होते. वाईट हे की यात कुणीही मूर्खपणा केलेला नसतो. एकेकट्याने पाहिले तर टाकी भरून ठेवणे हे शहाणपणच आहे. शहाणपणाची बेरीज मात्र टंचाई येते.

जुने पेट्रोल, नवा भाव

लोकांचा राग सर्वांत जास्त असतो तो भावावर. ‘याच्या टाकीतले पेट्रोल गेल्या आठवड्यात आलेले. ते त्याने स्वस्तात घेतले. मग आज महाग का विकतो?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर बाजाराच्या रीतीत आहे. पंपवाला आज मिळालेल्या पैशांतून उद्याचा टँकर घेतो. टँकरचा घाऊक भाव तासागणिक चढत असेल, तर जुन्या भावाने विकून त्याच्या हातात अर्धाच टँकर येईल. म्हणून तो मागच्या खरेदीकडे न पाहता पुढच्या खरेदीकडे पाहून पाटी बदलतो. कांद्याचा किरकोळ विक्रेताही हेच करतो. यात लबाडी मिसळत नाही असे नाही, पण सगळीच वाढ लबाडीची नसते.

अमेरिकेतल्या साध्या पेट्रोलचा सरासरी भाव २९ ऑगस्टला गॅलनला २ डॉलर ६१ सेंट होता. ५ सप्टेंबरला तो ३ डॉलर ७ सेंट झाला. सरासरीने तीन डॉलरचा उंबरठा ओलांडण्याची ती पहिली वेळ. रुपयांत आणि लिटरमध्ये मांडले तर त्या वेळी मुंबईकर याहून जास्तच मोजत होता. मग अमेरिकेत एवढा आकांत का? एक तर तिथे पेट्रोलवरचा कर कमी, त्यामुळे घाऊक भावातला चढउतार थेट गिऱ्हाइकाच्या अंगावर येतो. दुसरे म्हणजे नोकरी तीस-चाळीस किलोमीटरवर आणि मध्ये बस नाही, असे लाखो लोक आहेत. त्यांना पेट्रोल महाग झाले म्हणून कमी वापरण्याची सोयच नसते. भाव कितीही वाढला तरी मागणी फारशी घटत नाही. म्हणूनच पुरवठा थोडा कमी झाला तरी भाव मोठी उडी घेतो.

सरकारने काय केले तेही पाहण्यासारखे आहे. हवेच्या प्रदूषणामुळे अमेरिकेत उन्हाळ्यात वेगळ्या मिश्रणाचे पेट्रोल विकावे लागते आणि ते भागाभागांत निराळे असते. पर्यावरण खात्याने ३१ ऑगस्टला हे नियम काही दिवस बाजूला ठेवले, म्हणजे एका भागातले पेट्रोल दुसऱ्या भागात विकता येईल. अमेरिकी बंदरांमधली मालवाहतूक अमेरिकी जहाजांनीच करावी, हा जुना कायदाही तात्पुरता शिथिल केला. अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी १ सप्टेंबरला लोकांना गरज नसेल तर पेट्रोल घेऊ नका, अशी विनंती केली.

सरकारी राखीव साठाही उघडला. १९७३ च्या अरब तेलबंदीनंतर अमेरिकेने टेक्सास आणि लुइझियानात जमिनीखालच्या मिठाच्या पोकळ्यांत प्रचंड तेलसाठा करून ठेवला आहे. पण त्या साठ्यात आहे ते कच्चे तेल. म्हणजे गव्हाचेच पोते! कामाला आले ते युरोपचे पीठ. २ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने सभासद देशांच्या साठ्यांतून एकूण सहा कोटी बॅरल बाजारात आणण्याचे जाहीर केले. युरोपातले अनेक देश तयार पेट्रोल-डिझेलही साठवतात. तिथून पेट्रोलची जहाजे अटलांटिक ओलांडून निघाली. ती पोहोचायला वेळ लागणार होता, पण ती निघाली आहेत एवढ्या बातमीनेच घाऊक बाजार नरमला.

रिटा आणि रस्त्यावरची माणसे

भाव उतरू लागले तोच रिटा आली. न्यू ऑर्लिन्सची दृश्ये लोकांच्या डोळ्यांसमोर ताजी होती. ह्यूस्टन आणि आसपासचे २५ लाखांहून अधिक लोक मोटारी घेऊन एकाच वेळी निघाले. महामार्ग तासन् तास तुंबले. उभ्या मोटारींत वातानुकूलन चालू ठेवले तर पेट्रोल संपते, बंद केले तर सप्टेंबरच्या उन्हात जीव कासावीस. वाटेतले पंप कोरडे पडले, पेट्रोल संपलेल्या गाड्यांनी कडा अडवल्या. वृद्धांना नेणारी एक बस डॅलसजवळ पेटली आणि २३ जण गेले. रिटाच्या थेट माऱ्यात जितके मेले, त्याहून कितीतरी अधिक माणसे या पळापळीत मेली.

२४ सप्टेंबरला रिटा टेक्सास-लुइझियानाच्या सीमेवर धडकली. दोन्ही वादळांचा मिळून फटका असा की देशाची एक चतुर्थांशाहून अधिक शुद्धीकरण क्षमता काही दिवस बंद होती. तिकडे जॉर्जियात गव्हर्नरांनी स्कूलबसचे डिझेल वाचावे म्हणून सोमवार-मंगळवार शाळांना सुटी देण्याची सूचना केली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सरासरी भाव पुन्हा २ डॉलर ९३ सेंटवर होता. नोव्हेंबर संपता संपता तो सव्वादोन डॉलरच्या खाली आला.

भाव की रांग?

मग लूट झाली की नाही? नोव्हेंबर २००५ मध्ये पाच मोठ्या तेल कंपन्यांच्या प्रमुखांना सिनेटसमोर बोलावले गेले. एक्सॉनमोबिलने त्या तिमाहीत ९९० कोटी डॉलर नफा मिळवला होता, त्यामुळे लोक संतापले होते. संघराज्याच्या व्यापार आयोगाने चौकशी करून मे २००६ मध्ये अहवाल दिला. कंपन्यांनी संगनमताने बाजार फिरवल्याचा पुरावा मिळाला नाही. संसदेने ठरवून दिलेल्या व्याख्येत बसणारी नफेखोरीची १५ उदाहरणे सापडली, पण त्यांतल्याही बहुतेकांमागे स्थानिक बाजाराची कारणे दिसली.

प्रश्न इथे संपत नाही. वस्तू कमी आणि घेणारे जास्त असले की वाटप कसे तरी करावेच लागते. भाव वाढू दिला तर पैसेवाल्याला मिळते आणि गरीब मागे राहतो. भाव दाबून धरला तर ज्याला चार तास रांगेत उभे राहता येते, त्याला मिळते. रोजंदारीवर जाणाऱ्याला तेही परवडत नाही. १३ सप्टेंबर २००८ ला आइक वादळ टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला धडकले, तेव्हा नफेखोरीविरोधी कायद्यांच्या धाकाने भाव त्या मानाने आवरलेले राहिले. पण नॅशव्हिल, शार्लट आणि पुन्हा अटलांटा इथे पंप दिवसेंदिवस कोरडे होते. २०१२ साली सँडी वादळानंतर न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कने तिसरा मार्ग काढला. वाहन क्रमांकाचा शेवटचा आकडा सम असेल तर सम तारखेला आणि विषम असेल तर विषम तारखेला पेट्रोल. यात पेट्रोल वाढले नाही, पण रांग आणि घबराट कमी झाली.

आणि एक वर्ग असा होता की ज्याच्यापर्यंत ना भाव पोहोचला ना रांग. न्यू ऑर्लिन्समध्ये लाखाहून अधिक लोकांकडे मोटारच नव्हती. ज्यांच्याकडे जुनीपुराणी गाडी होती, त्यांच्यातही अनेकांच्या हातात पैसे नव्हते, कारण वादळ आले ते महिनाअखेरीस. पेट्रोलचा भाव ही एरवी खर्चाची बाब असते. शहर सोडायची वेळ येते तेव्हा ती जीव वाचवण्याची किंमत होते.

काय शिकले, काय राहिले

काही धडे घेतले गेले. ऑक्टोबर २००५ मध्ये विल्मा वादळानंतर दक्षिण फ्लोरिडात पंपांखाली पेट्रोल होते, पण ते वर खेचायला वीज नव्हती. पुढच्याच वर्षी फ्लोरिडाने कायदा केला. महामार्गांजवळच्या आणि स्थलांतराच्या रस्त्यांवरच्या पंपांना जनित्र जोडण्याची तयारी ठेवणे बंधनकारक झाले. सँडीनंतर, २०१४ मध्ये, अमेरिकेने ईशान्य भागासाठी १० लाख बॅरल तयार पेट्रोलचा राखीव साठा केला. पण तयार पेट्रोल फार काळ टिकत नाही, ते सतत बदलावे लागते आणि खर्च येतो. २०२४ मध्ये तो साठा विकून टाकण्यात आला.

आपलाही या गोष्टीशी संबंध आहेच. कॅटरिनाच्या वेळी कच्चे तेल बॅरलला ७० डॉलरच्या वर जाऊन आले. वर्षभर तापलेल्या बाजारात ही भर पडली आणि त्याच सप्टेंबरात भारतात पेट्रोल लिटरमागे तीन व डिझेल दोन रुपयांनी वाढले. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर इथे आपण जमिनीखाली जो राखीव साठा केला आहे, तोही कच्च्या तेलाचाच. आणि घबराटीसाठी तर वादळच लागते असे नाही. १ आणि २ जानेवारी २०२४ ला टँकरचालकांच्या संपाची बातमी आली, तेव्हा नागपूरपासून मुंबईपर्यंत पंपांवर रांगा लागल्या. डेपोत पेट्रोल होते, ते आणायला चालक नव्हते. संप मिटला आणि दोन-तीन दिवसांत सारे पूर्ववत झाले.

तेव्हा पुढच्या खेपेला, कारण वादळ असो की संप, अशी बातमी कानावर आली की एक प्रश्न विचारावा : अडले आहे ते नेमके कुठे? विहिरीत, कारखान्यात, नळात, टँकरवर की आपल्याच टाकीत? पहिल्या चार ठिकाणी तुमचे-आमचे काही चालत नाही. पाचव्या ठिकाणी चालते. काटा अर्ध्यावर असताना आपण रांगेबाहेर राहिलो, तर त्या रांगेत रुग्णवाहिकेचा, रात्रपाळीच्या परिचारिकेचा, भाजीच्या टेम्पोचा नंबर थोडा लवकर लागतो.